चौदा नंबरचं बोट

...अन् वरून मलाच म्हणतात, "सी बूझियान, तुम्ही नसतात तर पोरीचं काही खरं नव्हतं." आता हे कौतुक म्हणायचं की चिमटा, तुम्हीच सांगा. म्हणजे बघा, गवताच्या गंजीला काडी लावायची, मग आपणच बादली घेऊन धावायचं, अन् गल्लीनं म्हणायचं, काय धावला हो म्हातारा! काडी कुणाची, हे कुणी विचारत नाही. का विचारत नाही? कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. अख्ख्या तिलिम्सान गावाला ठाऊक होतं. एकट्या मला सोडून.

तुम्हाला सांगतो, मी तोंड उघडणारच नव्हतो. शपथ घेतली होती. खाल्ल्या मिठाची. आमच्या गिझलेननं, धाकटीनं, मला खुर्चीत बसवलं, पुढ्यात मिठाची वाटी ठेवली, माझा हात धरून त्यात दाबला अन् म्हणाली, "बाबा, म्हणा माझ्यामागून. मी हॉलमध्ये हसणार नाही. हसवणार नाही. कुणी काही विचारलं तरी उठणार नाही." मी म्हटलं, "खोकला आला तर?" म्हणाली, "गिळा." मी म्हटलं, "शिंक?" म्हणाली, "बाबा." बस, एवढंच. पण ते 'बाबा' असं म्हणाली ना, की मी मुकाट्यानं तीनदा शपथ म्हटली, अन् हाताचं मीठ झटकायचीपण भीती वाटली.

आता तुम्ही म्हणाल, बापाला कुणी अशी शपथ घालतं का? तर त्याला कारण माझा पुतण्या. ओरानहून इथं शिकायला आलेला. गेल्या वर्षी त्याची शेवटची तोंडी परीक्षा झाली. ही तोंडी म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, कुणाच्या ना कुणाच्या तोंडीला गेलाच असाल... पाच वर्षं शिकून पोरगं एक जाडं पुस्तक लिहितं, तीन मास्तर समोर बसून त्याला कांद्यासारखं सोलतात, अन् मागं आपण सगळं खानदान गोडाची ताटं मांडीवर घेऊन बसतो, की कधी एकदा निकाल लागतो अन् कधी एकदा बायका जिभा फिरवून लू-लू-लू करतात. तर तिथं शेवटी मोठा मास्तर म्हणाला, "सभेतून कुणाला काही विचारायचंय?" आता विचारलं म्हणून मी उठलो. नाही उठलो तर उर्मटपणा नाही का? मी म्हटलं, "साहेब, हे पोरगं पाच वर्षं आमच्याकडं जेवलं. आता तुम्ही ह्याला नोकरी देताय, का परत आमच्याकडंच पाठवताय?" हॉल हसला, मास्तर हसले. पोरगं मात्र चार महिने माझ्याशी बोललं नाही. जेवायला रोज यायचं, बरं का. बोलायचं तेवढं नाही.

म्हणून ही शपथ. अन् मी पाळली असती हो...

थांबा, ह्यांना एक करांतिका देतो. जिरं कमी का जास्त? तिखट? घ्या. गरम आहे, तोंड भाजेल, मग मला नावं ठेवाल. पस्तीस वर्षं ही गाडी लावतोय मी इथं, चण्याचं पीठ पाण्यात पातळ कालवायचं अन् भट्टीत ठेवायचं, त्याच्यावर तीन पोरी शिकल्या. मला स्वतःला म्हणाल तर अक्षर येत नाही. सही करतो, पण शेवटचं अक्षर कधीकधी राहून जातं. आकडे येतात. आकडे आले नाहीत तर गाडी चालत नाही. हे ध्यानात ठेवा, आकडे येतात अन् अक्षर येत नाही, सगळा घोळ त्यातनंच झाला.

तर गिझलेन म्हणाली, "आई, ताटं नकोत. गोड काही आणायचं नाही."

आमची रहमूना, माझी बायको, तिनं गालाला हात लावला. "ताटं नकोत? का, कुणी मेलंय?"

"आई, माझं पुस्तक साखरेवर आहे. लग्नसराईत गोड खाऊन लोकांच्या रक्तात साखर कशी चढते, त्यावर. अन् मागं तू बारा किलो मक्रूट घेऊन बसणार?"

"बारा कोण म्हणालं? मक्रूट नऊच. बाकी ग्रिवेश, मधातले पीळ."

"लोक हसतील, आई."

"खैरामावशीच्या पोरीच्या वेळी सात ताटं होती, सात! तेव्हा कोण हसलं? तिचं पुस्तक कशावर होतं? सिमेंटवर. मग खैरानं काय सिमेंट वाटलं?"

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी ताटांच्या बाजूचा. रहमूनाचे मक्रूट तुम्ही खाल्लेत का? रवा तुपात चोळून, आत खजूर, तळून मधात सोडायचा... डॉक्टरनं आता बंदी केलीय मला त्याची. पण डॉक्टरनं रहमूनाचा मक्रूट कुठं खाल्लाय?

अन् इथंच, इथंच ती काडी लागली. ऐका.

मागच्या उन्हाळ्यात, लग्नसराईत, गिझलेननं चाळीस माणसं गोळा केली. चाळीस दिवस. प्रत्येकाला एक छोटं मशीन. सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर, मशीन आकडा दाखवणार, अन् काय काय खाल्लं ते वहीत लिहायचं. नावं नाहीत, नुसते नंबर. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही चौदा नंबर. नाव मी कुणाला सांगणार नाही. मास्तरांनासुद्धा नाही. तसा शब्दच दिलाय मी चाळीस जणांना." मला लिहिता येत नाही म्हणून माझ्या खाण्याची वही रहमूनाकडं. म्हणजे चोराच्या दारात शिपाई बसवला. मी डबा उघडला की ही स्वयंपाकघरातनं ओरडायची, "सात झाले!" मी म्हणायचो, "पाच." म्हणायची, "सात. दोन खिशात आहेत."

पहिल्या दिवशी सकाळी मी मशीन गाडीवर घेऊन आलो, बोट टोचलं, आकडा आला. मी तो आकडा बघितला अन्... जाऊ दे. तो आकडा नंतर सांगतो.

बाजूला मीमून बसतो ना, घड्याळवाला, हा बघा बसलाय, भिंग डोळ्याला लावून ऐकू येत नसल्यासारखं करतोय. किडकिडीत माणूस, फुंकर मारली तर दुकानात जाऊन पडेल. मी त्याला म्हटलं, "मीमून, बोट दे."

"का?"

"गंमत आहे."

"तुझी गंमत म्हणजे माझं बोट कापलं जाणार."

"टोचायचंय फक्त. रोज एक करांतिका फुकट."

तो म्हणाला, "रक्त आहे माझं, चण्याचं पीठ नाही. वर जिरं जास्त पाहिजे."

झालं. चाळीस दिवस मीमूनचं रक्त अन् माझं खाणं. वहीत रहमूनाच्या अक्षरात अकरा मक्रूट, चार ग्रिवेश, लग्नातला बकलावा, अन् मशीनमध्ये आकडा किती? ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. मी आपला खूश. आयुष्यात पुष्कळ गमती केल्या मी, हमामात आंघोळीला आलेल्या लोकांचे जोडे बदलले, एकदा मीमूनची सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं केली अन् अर्धा बाजार जेवायला लवकर गेला... पण ही सगळ्यांत नाजूक. मला वाटलं, पोरगी डोकं खाजवेल, डोळे मोठे करेल, मग एक दिवस मी सांगून टाकीन अन् हसू सगळे.

पण ती हसली नाही, डोळे मोठे केले नाहीत, काही विचारलंच नाही. नुसतं लिहीत बसली. दिवस गेले. मग मला सांगायची लाज वाटायला लागली. तुम्हाला होतं का असं? गंमत जुनी झाली की तिचा गुन्हा होतो.

अन् त्याच सुमाराला घरात कॉफी कडू व्हायला लागली. भाकरी जवाची. डब्याला कुलूप. मी रहमूनाला म्हटलं, म्हातारपणी कंजूष झालीस. ती म्हणाली, "ओ माणसा, प्या मुकाट." चाळीस वर्षं मला 'ओ माणसा' म्हणते ती. नाव ठाऊक आहे का तिला, देव जाणे.

मग मे महिन्यात पुस्तक बांधून आलं. निळ्या पुठ्ठ्याचं, वर सोनेरी अक्षरं. मी हात धुऊन घेतलं ते. त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण वजन कळतं ना? पाच वर्षांचं वजन. मी ते आठवडाभर छातीशी धरून बाजारभर हिंडलो. खाटकाला दाखवलं. न्हाव्याला दाखवलं. मशिदीच्या दारातल्या म्हाताऱ्यांना दाखवलं. ते उघडायचे, चाळायचे, मध्येच एका पानावर थांबायचे, माझ्याकडं बघायचे, अन् म्हणायचे, "वा, सी बूझियान, वा. नाव काढलं पोरीनं." न्हावी तर इतका हसला की गिऱ्हाईकाच्या गालाला वस्तरा लागला. मी म्हटलं, हसतोस काय? तर म्हणाला, "आनंदानं." मला काय कळणार? मीपण हसलो. त्यांच्याबरोबर. माझ्यावरच.

तर परीक्षेचा दिवस. सकाळी नऊला. मीमूनच्या मेहुण्याची गाडी आणली, मागं आठ ताटं, वर स्वच्छ चादरी. आठ, बरं का. सातावर एक. खैरा आली होती, तिनं चादरीवरनं मोजली अन् तोंड वाकडं केलं. दारावर कागद लावलेला, निकालाआधी हॉलमध्ये खाणं उघडायचं नाही, असं मीमूननं वाचून दाखवलं. रहमूना म्हणाली, "उघडत कोण आहे? झाकूनच ठेवलंय." अन् सगळी ताटं शेवटच्या रांगेमागं. पण वास झाकता येतो का? नारंगीच्या फुलाच्या पाण्याचा वास, मधाचा वास... समोर भिंतीवर पोरगी चित्रं दाखवतेय की साखरेनं डोळे कसे जातात, मूत्रपिंड कसं जातं, अन् तिघं मास्तर नाकं वर करून मागं बघतायत.

तिघांतली एक गिझलेनची मॅडम, ती आपल्या बाजूची. मधला मोठा, जाडा, भला माणूस. अन् कडेला प्रोफेसर यल्लस. ओठ असे, की पाकीट चिकटवून बंद केलंय. अर्धं बोलणं फ्रेंचमध्ये. मला बाजारापुरतं येतं तेवढंच, म्हणून मीमूनला शेजारी घेतला होता, तो कानात सांगायचा.

पोरगी काय बोलली म्हणून सांगू! सरळ उभी, आवाज घंटेसारखा. रहमूना माझा कोट धरून बसली होती, एका हातानं. मी कुठं जाणार होतो? मी आपला गप्प. खाल्ल्या मिठाची शपथ होती.

मग यल्लस सुरू झाला. पानं उलटली, चष्मा काढला, पुसला, घातला. मीमून कानात म्हणाला, "पान एकसष्ट म्हणतोय."

"काय आहे पान एकसष्टवर?"

मीमून वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

"काय आहे?"

"गप बस. ऐकू दे."

यल्लस म्हणाला, अन् हे त्यानं आपल्या भाषेत म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून की काय कोण जाणे: "बाई, तुम्ही चाळीस माणसं घेतलीत अन् हिशेबात एकोणचाळीस धरलीत. नंबर चौदा काढून टाकला. तुम्ही लिहिता, हा माणूस दुसऱ्याचं रक्त देत होता."

मी मीमूनकडं बघितलं. मीमून छताकडं बघत होता. मी मागं बघितलं. न्हावी आला होता, तो चपलांकडं बघत होता. खाटीक रुमालात तोंड घालून बसलेला. सगळ्यांना माहीत! चाळीस दिवस मी गाडीवर मीमूनचं बोट टोचत होतो, ते अख्ख्या बाजारानं बघितलं होतं, अन् आता छापलेलं! निळ्या पुठ्ठ्यात बांधून, सोनेरी अक्षरं लावून, अन् मी स्वतः घरोघर नेऊन दाखवलं!

मी मीमूनला म्हटलं, "तू वाचलं होतंस?"

म्हणाला, "पहिल्याच दिवशी."

"मग बोलला नाहीस?"

"तू इतका खूश होतास रे... कसं सांगायचं?"

तिकडं यल्लस काही थांबत नव्हता. "एका म्हाताऱ्या माणसावर तुम्ही लबाडीचा आळ घेता. कशावरून? इथं लिहिलंय, त्याच्या बोटावर सुईची एकही खूण नव्हती. चाळीस दिवस. तुम्ही चाळीस दिवस रोज सकाळी त्याचं बोट बघायला जात होतात?"

गिझलेन म्हणाली, "मला दिसायचं, सर."

"कसं दिसायचं? बाकी एकोणचाळीस जणांचं दिसत नव्हतं, ह्याचंच बरं दिसत होतं?"

तिनं पुढ्यातले कागद सरळ केले.

आता तुम्हाला कळलं का? नाही? आमच्या घरी रीत आहे. सकाळी घराबाहेर पडताना पोरी बापाच्या हाताला ओठ लावतात. गिझलेन रोज लावते. लहानपणापासून. चण्याच्या पिठाचा वास येतो म्हणते, अन् तरी लावते. रोज माझा हात तिच्या तोंडापाशी, अन् बोटावर एक भोक नाही. अन् शेजारी मीमून, चार बोटांना फडकी गुंडाळून घड्याळं उघडतोय. तिला दुसऱ्याच दिवशी कळलं असणार हो. अन् मी, माझ्या चलाखीवर मी स्वतःच खूश.

पण हे ती सांगणार कशी? सांगितलं तर चौदा नंबर म्हणजे तिचा बाप, हे उघड. अन् नाव सांगणार नाही असा चाळीस जणांना शब्द. उभी राहिली नुसती. यल्लस म्हणाला, "पुरावा नसेल तर हा माणूस हिशेबात परत घ्यावा लागेल. मग तुमचं सगळं गणित बदलेल. पुस्तक परत लिहायला सहा महिने. तसं करू का?"

मॅडम काहीतरी बोलायला गेली, त्यानं हात वर करून थांबवलं. गिझलेनचे ओठ हलले. पण म्हणाली काय, तर, "मला माहीत आहे, सर. पण कसं माहीत, ते मी सांगू शकत नाही."

अन् माझ्याकडं बघितलं नाही. एकदासुद्धा नाही. बघितलं असतं ना, तर मी गप्प बसलो असतो कदाचित. बापाला वाचवायला पोरगी भिंतीकडं बघत उभी, सहा महिने जाऊ देत म्हणून... अन् मी आपला गप्प. शपथ होती.

शपथ कसली हो. मीठ खारटच असतं शेवटी. मी उठलो.

रहमूनानं कोट ओढला. कोटाचं बटण तुटलं. "ओ माणसा, बसा!"

मधला मोठा मास्तर म्हणाला, "हाजी, प्रश्नांची वेळ नंतर आहे."

मी म्हटलं, "हाजी नाही मी अजून, पापं फेडायची राहिलीत. साहेब, प्रश्न नाही, उत्तर आहे. चौदा नंबर मी." अन् बोट वर केलं. अख्खा हॉल बोटाकडं बघतोय. मी म्हटलं, "भोक नाही बघा. रक्त ह्याचं होतं," अन् मीमूनची मानगूट धरून त्याला उभा केला. मीमून म्हणाला, "मी फक्त करांतिकेसाठी..."

आता लोक हसणारच. हसले. गिझलेननं तोंडावर हात घेतला, रडतेय का हसतेय ते मला दिसेना. यल्लस मात्र हसला नाही. चष्म्यावरनं बघत म्हणाला, "का केलंत?"

अन् मी म्हणणार होतो, गंमत म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं, म्हाताऱ्याची गंमत. पण पोरीनं तेव्हा पहिल्यांदा बघितलं माझ्याकडं.

मी म्हटलं, "साहेब, पहिल्या दिवशी मी माझंच बोट टोचलं होतं. दोनशे एकाहत्तर आकडा आला. मला अक्षर येत नाही, आकडा येतो. माझा थोरला भाऊ लार्बी, त्याचा पण असाच आकडा होता, त्याचा पाय कापला. अन् त्याची पोरगी, हुशार होती हो, हिच्यापेक्षा हुशार, तिनं शिक्षण सोडून सहा वर्षं त्याचं सगळं बिछान्यात केलं. तो गेला तेव्हा तिचं शिकायचं वय गेलं होतं. माझ्या पोरीनं तो आकडा बघितला असता तर हे निळं पुस्तक झालं नसतं, साहेब. ती सगळं सोडून माझ्या उशाशी बसली असती. म्हणून म्हटलं, एक वर्ष... पुस्तक होईपर्यंत."

ताटांवर एक माशी फिरत होती, तिचा आवाज येत होता.

यल्लस उठला. गिझलेनच्या पिशवीतलं मशीन मागितलं. माझ्यापाशी आला, अन् स्वतः माझं बोट धरलं. सुई टोचली. तुम्हाला सांगतो, मोठा प्रोफेसर, पण हात हलका. मग म्हणाला, "सकाळपासून काय खाल्लंत?"

मी म्हटलं, "काही नाही."

रहमूना म्हणाली, "एक मक्रूट. पहाटे. ताटात खड्डा पडलाय, मी वर ग्रिवेश ठेवून बुजवला."

आकडा आला. एकशे शहाऐंशी.

मी म्हटलं, "मशीन बिघडलंय. माझा दोनशेच्या वर असतो."

तेव्हा गिझलेन म्हणाली, लहान आवाजात, जशी घरी बोलते तशी: "बिघडलं नाही, बाबा. सप्टेंबरपासून तुमच्या कॉफीत साखर नाही. भाकरी जवाची आहे. डब्याची किल्ली माझ्याकडं आहे. बघा, माझं पुस्तकही झालं."

म्हणजे बघा. मी तिला फसवत होतो की तिनं पुस्तक लिहावं, अन् ती मला फसवत होती की मी जगावं. अन् दोघांच्या मध्ये रहमूना, दोन्हीकडची गुपितं पोटात घालून कडू कॉफी ओततेय. ह्या घरात मी एकटाच सोंगाड्या आहे, असं इतकी वर्षं समजत होतो मी.

यल्लस जाग्यावर गेला, पेन काढलं अन् पान एकसष्टवर काहीतरी लिहिलं. मीमून मान लांब करून म्हणाला, "लिहितोय, पुरावा हजर."

मग तिघं बाहेर गेले, आम्ही घामाघूम, मग तिघं आत आले, सगळ्यांना उभं केलं, अन् मोठ्या मास्तरानं वाचलं. काय वाचलं ते मला कळलं नाही, कारण दुसऱ्या शब्दालाच रहमूनानं लू-लू-लू सुरू केलं, खैरा तिच्यापेक्षा मोठ्यानं करायला गेली, अन् पुढचं सगळं त्यातच बुडालं. मीमून म्हणाला, "उत्तम म्हणाले, उत्तम." गिझलेन आली, माझा हात धरला, ओठ लावले. त्या बोटाला. भोक पडलं होतं ना त्याला, ते बघितलं, अन् परत लावले.

चादरी निघाल्या. आठ ताटं. तुम्ही बघायला हवं होतं. साखरेवर दीड तास बोलणं ऐकून आलेली माणसं ती, पण अशी तुटून पडली की जणू त्यांना कालपासून उपाशी ठेवलंय. यल्लसनं सात खाल्ले, मी मोजले. आकडे येतात मला. मॅडमनं पिशवीत घेतले. रहमूनानं मास्तरांसाठी वेगळे डबे बांधून आणले होते, रिबिनीचे. मीही आपला हळूच हात घातला, कोपऱ्यातला एक, छोटा, अर्धा तुटलेला... अन् मागनं अख्खा हॉल एका आवाजात म्हणाला, "चौदा नंबर!" मास्तरसुद्धा. यल्लससुद्धा, तोंडात मक्रूट असताना. माझ्या हातात खैरानं पाण्याची बाटली दिली. वर म्हणाली, "घ्या, थंड आहे."

तेव्हापासून बाजारात माझं नाव गेलं ते गेलंच. पोरं गाडीवर येतात, म्हणतात, "चौदा काका, एक द्या." खाटीक सलाम करतो, "काय चौदा, आकडा काय आज?" चालायचं. पोरगी पास झाली, आता मोठ्या दवाखान्यात लागलीय, लोकांची ताटं तपासते. मी काय तक्रार करणार?

एकच तक्रार आहे. ते मशीन गिझलेननं आता माझ्याकडं दिलेलं नाही. मीमूनकडं दिलंय. रोज सकाळी हा येतो, भिंग डोळ्याला लावतो, माझं बोट धरतो, सुई टोचतो, आकडा लिहून तिला कळवतो. अन् ह्या कामाबद्दल त्यानं मागितलं काय? दुसरं काय मागणार. रोज एक करांतिका. म्हणजे पीठ माझं, भट्टी माझी, बोट माझं, आता तर रक्तसुद्धा माझंच... अन् खातो मीमून. वर जिरं जास्त मागून.